'नस चढली' म्हणून मुलांचा खुबा चोळू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरू लागला की शालेय स्पर्धांचा हंगाम तापतो आणि आपल्या क्रीडा पानावर 14, 17 व 19 वर्षांखालील मुलामुलींची नावे येऊ लागतात. त्या बातम्यांत एक वाक्य वरचेवर असते: मांडीचा स्नायू दुखावलेला असतानाही अमुक खेळाडूने जिद्दीने शर्यत पूर्ण केली. वाचणाऱ्याला कौतुक वाटते. आम्हा फिजिओथेरपिस्ट व प्रशिक्षकांना धास्ती वाटते, कारण त्या वयात कंबर, जांघ आणि मांडीच्या वरच्या भागात अचानक उठलेली कळ पुष्कळदा स्नायूची नसतेच. ती हाडाची असते. आणि मैदानावर तिला एकच नाव दिले जाते, 'नस चढली'. नाव चुकले की उपचार चुकतो. मग स्प्रे, मालिश, ताण देणे, घट्ट पट्टी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धाव. या एका चुकीबद्दल हे पत्र आहे.

आधी कारण सांगतो. मोठ्या माणसाचा स्नायू जोराने ओढला गेला तर स्नायू फाटतो, कारण त्याचे हाड पक्के झालेले असते. बारा ते अठरा वर्षांच्या मुलात मांडीचे आणि पोटाचे मोठे स्नायू कमरेच्या हाडाला जिथे धरतात, तिथे अजून वाढीची कूर्चा, म्हणजे पुढे हाड बनणारा भाग, असते. कूर्चा मऊ, स्नायू दांडगा. उंची वाढण्याच्या झपाट्यात हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागून येतात, म्हणजे स्नायू आधीच ताणलेला. त्यात वजन वाढलेले, पायाची तरफ लांब झालेली, धावेचा वेगही वाढलेला. अशा वेळी झटका बसला की स्नायू फाटत नाही, तो हाडाचा तुकडाच उपटून घेतो. कमरेच्या पुढच्या खालच्या टोकाची कूर्चा साधारण 16 ते 18 या वयात मिटते, म्हणजे हाडाशी एकजीव होते. बसण्याच्या हाडाची आणि कमरेच्या कडेची मिटायला विशी उजाडते, कधी त्याहूनही उशीर होतो. मिशी फुटली, आवाज घोगरा झाला म्हणजे हाड पक्के झाले, असे धरून चालू नये.

दुखण्याची जागा बोटाने दाखवायला सांगा, निम्मे निदान तिथेच होते. कमरपट्ट्याच्या खाली पुढच्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागते, तिथे कळ असेल तर ती बहुधा वेगवान सुरुवातीची दुखापत असते. ब्लॉकमधून सुटणारा धावपटू किंवा खो मिळताच उकिडव्या बैठकीतून उसळणारा खो-खोपटू यांच्यात ती दिसते. त्याच्या दोन-तीन बोटे खाली, जांघेच्या खोलात दुखत असेल तर फुटबॉलची जोरदार किक आठवून पाहा. चेंडू हुकून पाय हवेत गेला असेल किंवा लाथ समोरच्याच्या पायात अडकली असेल, तर शंका आणखी बळावते. नितंबाखाली, ज्या हाडावर आपण बसतो तिथे कळ असेल आणि बाकावर बसवत नसेल, तर अडथळा शर्यत, लांब उडी, जिम्नॅस्टिक्स किंवा जबरदस्तीने घातलेला स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून बसणे). ही शेवटची दुखापत सर्वांत जास्त फसवते. तिला हमखास 'हॅमस्ट्रिंग' (मांडीच्या मागचा स्नायू) म्हटले जाते आणि हॅमस्ट्रिंग म्हणून ताण दिला जातो. त्या ताणाने सुटलेला तुकडा आणखी खाली ओढला जातो. तो दूरच जुळला किंवा जुळलाच नाही, तर पुढे बसताना दुखत राहते आणि शेजारून जाणारी पायाची मोठी शीर (मज्जातंतू) चिडते.

खेळाडू सांगतो, 'कट्' आवाज आला. तो जागीच थांबतो, जांघ धरून वाकतो, झोपवल्यावर सरळ पाय उचलू शकत नाही. अशा मुलाला 'थोडा चाल, मोकळा होईल' म्हणू नका. दोन्ही बाजूंनी आधार देऊन, त्या पायावर भार न टाकता बाहेर आणा. पुढच्या बाजूची दुखापत असेल तर गुडघ्याखाली उशी किंवा गुंडाळलेली सतरंजी ठेवा, म्हणजे खुबा किंचित वाकलेला राहून स्नायू सैल पडतो. मागची असेल तर गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलू नका. बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे, पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी. मालिश नाही, गरम शेक नाही, ताण नाही, हाड बसवणाऱ्याकडे नेणे तर नाहीच. वेदनाशामक गोळी झोप लागावी म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी, पुढच्या फेरीत उतरवण्यासाठी नव्हे.

त्यानंतर एक्स-रे, तोही दोन्ही खुबे एकाच फिल्मवर येतील असा. मुलाच्या हाडात कूर्चेची रेघ मुळातच दिसते. दुसरी बाजू शेजारी असल्याशिवाय ती रेघ आहे की सुटलेला तुकडा, हे अनुभवी नजरेलाही चटकन ठरवता येत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), मेयो रुग्णालय आणि मिहानमधील एम्स, तिन्ही ठिकाणी अस्थिरोग विभाग आहेत, म्हणून खर्चाच्या भीतीने एक्स-रे टाळण्याचे कारण नागपुरात तरी नाही. सोबत कोणत्या दिवशी, काय करताना, कोणता आवाज येऊन दुखले हे कागदावर लिहून न्या. काही आठवड्यांनी प्रथमच एक्स-रे काढला, तर भरून येणारे नवे हाड गाठीसारखे दिसते आणि दुखापतीचा इतिहास न सांगितल्यास नसत्या तपासण्या मागे लागतात.

बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. तुकडा सुमारे दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर तिचा विचार होतो. एरवी कुबड्या आणि विश्रांती. लंगडल्याशिवाय चालता येईपर्यंत कुबड्या सोडायच्या नाहीत, याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मग हलक्या हालचाली, सहाव्या-आठव्या आठवड्यापासून ताकदीचे व्यायाम, आणि मैदानावर परत यायला दोन ते तीन महिने. बसण्याच्या हाडाला त्याहून जास्त, तीन-चार महिनेही लागतात. इथे पालक आणि सर दोघांचीही घाई होते, कारण तीन आठवड्यांत दुखणे थांबलेले असते. दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले नव्हे. परतण्याची परीक्षा अशी घ्या: एका पायावर अर्धी बैठक न दुखता आणि गुडघा आत न ढळता येते का, एका पायाने उड्या दोन्हीकडे सारख्या पडतात का, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या नऊ दशांशापर्यंत आली का. मग निम्म्या वेगाने धाव, दोन-तीन दिवसांनी सत्तर टक्के, नंतर नव्वद, आणि शेवटी पूर्ण वेग व किक. कोणत्याही पायरीवर त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी दुखले, तर एक पायरी मागे.

आता ज्या दुखण्यात तासांचा हिशोब असतो त्याबद्दल. दहा ते सोळा वर्षांचा, बहुधा अंगाने भरलेला मुलगा (मुलींतही होते) काही आठवडे गुडघा किंवा मांडी दुखते म्हणतो आणि थोडा लंगडतो. गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, तो स्वच्छ येतो, घरी पाठवले जाते. खरा बिघाड खुब्यात असतो. मांडीच्या हाडाचे गोल डोके वाढीच्या चकतीवरून मागे-खाली घसरू लागलेले असते. खुबा आणि गुडघा यांची संवेदना एकाच शिरेतून जाते, म्हणून मूल बोट गुडघ्यावर ठेवते. ओळखायची खूण सोपी आहे. त्याला उताणे झोपवून, गुडघा दुमडून मांडी हळूच पोटाकडे न्या. निरोगी पाय सरळ छातीकडे येतो, हा पाय आपसूक बाहेरच्या बाजूला वळत जातो. चालतानाही त्याचे पाऊल बाहेर वळलेले दिसते. असे दिसले की त्याच क्षणी चालणे बंद. खुर्चीत बसवून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. उपचार म्हणजे बहुधा एक स्क्रू टाकून चकती जागेवर धरणे. पण लंगडत खेळता खेळता एके दिवशी डोके पूर्ण घसरले आणि कुबड्यांवरही उभे राहवेना, तर हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तो तुटला तर ऐन तारुण्यात खुबा निकामी होतो. आणि एका बाजूला झाले की दुसऱ्या बाजूवर वाढ थांबेपर्यंत लक्ष ठेवावे लागते. गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक वाढत्या मुलाचा खुबा तपासा, एवढे वाक्य प्रत्येक क्रीडाशिक्षकाने पाठ करावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

तिसरा गट पहाटे दिसतो. फुटाळा, अंबाझरी, मानकापूर, रविनगर, कुठेही पाचला जा, पोलीस भरतीच्या तयारीची मुले-मुली धावत असतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते. त्यासाठी सोळा-सतराव्या वर्षीच रोज डांबरावर पाच-सहा किलोमीटर, तेही झिजलेल्या बुटांत आणि उपाशीपोटी. हाड रोज झिजते आणि रोज भरते. भरायला अन्न आणि विश्रांती मिळाली नाही तर मांडीच्या हाडाच्या मानेत (गोल डोक्याच्या लगेच खालच्या भागात) बारीक तडा जातो. जांघेत खोलवर दुखते, धावताना वाढते, थांबल्यावर कमी होते, पुढे रात्रीही ठसठसते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत काहीच न दिसण्याची शक्यता असते, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे, धाव' हे वाक्य इथे घातक आहे. शंका असेल तर एमआरआय होईपर्यंत कुबड्या. मानेच्या वरच्या बाजूचा तडा पुरता तुटण्याचा धोका मोठा असतो आणि तिथे तातडीने स्क्रू लागू शकतो. एका पायावर उड्या मारायला लावून दुखते का ते पाहण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती या शंकेत अजिबात करू नये.

मुलींबाबत स्पष्टच लिहितो, कारण मैदानावर कोणी विचारत नाही. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही किंवा पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर ते 'सराव चांगला चालल्याचे' लक्षण नाही. शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याचा तो इशारा असू शकतो आणि तो हाडांना आधी भोवतो. डॉक्टरांना दाखवा आणि सराव कमी करा. मुले असोत की मुली, पहाटे निघण्याआधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे, सराव संपल्यावर तासाभरात पोहे-उपम्यासोबत दूध किंवा अंडी. या वयात दिवसाला सुमारे हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि एका पेल्यात, म्हणजे पाव लिटर दुधात, साधारण तीनशे असते. उरलेले दही, नाचणी, तीळ, पालेभाज्यांतून यावे लागते. नुसत्या चहा-टोस्टवर हाड भरत नाही.

विदर्भाची म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. हा आजार असलेल्या मुलांत (नुसता वाहक असणे वेगळे) मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते खचू शकते, आणि सुरुवातीचे लक्षण तेच, जांघेत दुखणे आणि लंगडणे. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यांत तपासणी मोफत होते. संघात निवड झालेल्या प्रत्येक मुलाची तपासणी एकदा व्हावी. उद्देश त्याला वगळणे हा नसावा, त्याच्या दुखण्याकडे वेगळ्या नजरेने पाहणे हा असावा. ताप, रात्रीची झोपमोड आणि पाय अजिबात हलवू न देणे हे एकत्र आले, तर ते खेळाचे दुखणे नाही. सांध्यात पू झालेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.

हे टाळायचे कसे? सर्वांत मोठे कारण आमच्या मते अचानक वाढवलेला सराव हे आहे आणि त्याचा नागपुरी नमुना म्हणजे उन्हाळी शिबिर. परीक्षेपायी दोन महिने घरात बसलेले मूल एप्रिलमध्ये एकदम सकाळ-संध्याकाळ दोन सत्रांना उतरते, तेही उन्हाने दगड झालेल्या मैदानावर. पहिल्या आठवड्यात एकच सत्र, तेही निम्म्या जोराचे, एवढा बदल केला तरी बऱ्याच दुखापती टळतील. वर्षभरासाठी सोपा हिशोब असा की संघटित सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नकोत. चौदा वर्षांच्या मुलाला चौदा तास ही कमाल मर्यादा. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून दोन-तीन महिने मुख्य खेळाऐवजी दुसरे काही. गंमत नाही, खरी अडचण अशी की चांगला खेळाडू शाळेच्या संघात, क्लबात आणि अकादमीत एकाच वेळी खेळतो, आणि तिन्ही सरांना एकमेकांचा हिशोब ठाऊक नसतो. आईवडिलांनी एक साधी वही ठेवावी: तारीख, किती मिनिटे, कुठे दुखले. तिघांनाही तीच दाखवावी.

दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, भिंतीला टेकवून उंची मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली, तर मूल झपाट्याच्या वाढीत आहे असे समजा. मुलींत हा काळ सरासरी बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण एकाच वर्गातल्या दोन मुलांत तीन-तीन वर्षांचा फरक असतो. म्हणूनच '17 वर्षांखालील' सगळ्यांना एकच तालीम देणे चुकीचे आहे. त्या काळात पूर्ण वेगाच्या धावा, लांब किक, अडथळे यांची संख्या कमी करा आणि तंत्र व तोल यांवर वेळ द्या.

शिक्षा म्हणून बेडूकउड्या आणि बदकचाल बंद करा. फुलपाखरासारखे बसवून मांड्यांवर उभे राहणे, पाठीवर बसून स्प्लिट घालायला लावणे, हेही बंद करा. दुसऱ्याच्या वजनाने दिलेला ताण स्नायूला सैल करीत नाही, कूर्चेला ओढतो. सुरुवातीला दहा मिनिटे हलके धावणे, बाजूने धावणे, पाय झुलवणे, हळूहळू वाढता वेग पुरे. फुटबॉलसाठी फिफाचा 11 प्लस हा वीस मिनिटांचा कार्यक्रम तयार आहे: आठ मिनिटे धाव, दहा मिनिटे ताकद व तोल, दोन मिनिटे वेगवान धाव. त्याला साहित्य म्हणून चेंडूपलीकडे फारसे काही लागत नाही आणि आठवड्यातून किमान दोनदा करायचा असतो.

कबड्डी आणि खो-खोवाल्यांनी ताकदीचे चार व्यायाम आठवड्यातून तीनदा घ्यावेत. उताणे झोपून नितंब उचलणे, बारा-बाराचे दोन फेरे. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, तेवढेच. गुडघ्यांत चेंडू धरून दहा सेकंद दाबणे, पाच वेळा. आणि जोडीदाराने घोटे धरलेले असताना गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकणे, सुरुवातीला तीनच. बोनस रेषेवर पाय ताणणाऱ्या चढाईपटूच्या जांघेची परीक्षाही आठवड्यातून एकदा घ्यावी. त्याला पाय सरळ करून झोपवा, घोट्यांच्या मध्ये आपला हात धरा, पाच सेकंद जोराने दाबायला सांगा आणि दुखणे शून्य ते दहात विचारा. दोनपर्यंत खेळू द्या, तीन ते पाच असेल तर सराव कमी, सहा किंवा वर असेल तर सराव बंद आणि तपासणी. ही परीक्षा जांघेच्या स्नायूंची आहे. हाडाची शंका असेल तिथे ती करू नका. मातीवर सराव केलेल्या मुलांना स्पर्धेत थेट मॅटवर उतरवू नये, हेही इथेच सांगतो. मातीत पाऊल थोडे घसरते, मॅट ते धरून ठेवते, आणि वळण्याचा सगळा पीळ गुडघ्यावर व खुब्यावर येतो. आधी चार-पाच सत्रे मॅटवर द्यावीत.

आयोजकांकडे आमचे मागणे छोटे आहे. प्रत्येक मैदानावर बर्फाची पेटी, एक स्ट्रेचर, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या कुबड्यांचा एक जोड, आणि लंगडणाऱ्या खेळाडूला सामन्याबाहेर काढण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती, जिचा निर्णय संघाचे सर बदलू शकणार नाहीत. सवलतीच्या गुणांसाठी प्रमाणपत्र हवे म्हणून मुले दुखणे लपवतात, हे सर्वांना माहीत आहे. त्यांनी आपणहून सांगण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला विनंती की शाळांकडून संघाची यादी घेताना प्रत्येक नावासमोर क्रीडाशिक्षक व पालकांच्या सहीने तीन प्रश्नांची उत्तरे मागावीत. गेल्या तीन महिन्यांत जांघ, खुबा, मांडी किंवा गुडघा आठवडाभर दुखला का? सराव संपल्यावर किंवा दुसऱ्या सकाळी मूल लंगडते का? खेळताना 'कट्' आवाज येऊन कधी थांबावे लागले का? एका जरी उत्तरात 'हो' आले तर त्या मुलाच्या जागी राखीव खेळाडू, आणि मुलाचा आधी एक्स-रे.

आपले,
शालेय खेळाडूंसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट व मैदानी खेळांचे प्रशिक्षक,
नागपूर